दवाखान्यांतील कामांची यादी

गेल्या पावसाळ्यांत एका मिशन दवाखान्याच्या व्यवस्थापक कमिटीनें मजकडे एक काम सोंपविलें. वेतनवाढीसाठीं थोडी रक्कम हातीं आली होती. ती सर्व नोकरांस सारखी पुरण्याजोगी नव्हती. म्हणून डॉक्टर व परिचारिका सोडून बाकीच्या सर्व जागा त्यांच्या योग्यतेप्रमाणें एकीखालीं एक लिहून काढाव्या, म्हणजे वरून वांटीत येतां येईल, असें ठरलें. मी पुष्कळ वर्षें शाळेंत हजेरीपट लिहिलेला माणूस. यादी करण्यास मला दहा मिनिटेंही लागलीं नाहींत. कारकून, औषधांच्या कोठीवरचा मनुष्य, ड्रायव्हर, प्रयोगशाळेंतील मदतनीस, वॉर्डबॉय, आया, स्वयंपाकी, पहारेकरी, परीट, आणि शेवटीं झाडलोट करणारीं माणसें. हा क्रम कशावरून, असें मला कोणी विचारलें नाहीं, आणि मींही स्वतःस विचारलें नाहीं.

दुसरे दिवशीं शस्त्रक्रियेची खोली धुणारी बाई व्हरांड्यांत भेटली. ती वयानें माझ्याएवढीच आहे आणि वीस वर्षांहून अधिक काळ तेथें काम करीत आहे. यादीची वार्ता तिच्या कानीं गेली होती. "गुरुजी, माझं नाव समद्यांत खाली लिवलं म्हनं," ती म्हणाली. मीं तिला जें उत्तर दिलें तें आपणांपैकीं पुष्कळांनीं दिलें असतें. मीं म्हटलें, "बाई, देवापुढें सर्व कामें सारखींच." तिनें हातांतली बादली खालीं ठेविली, क्षणभर माझ्याकडे पाहिलें, आणि म्हणाली, "देवापुढं सारखी, तर मंग कागदावर खालीवर का, गुरुजी?"

ह्या प्रश्नास मजजवळ उत्तर नव्हतें. माझें वाक्य खरेंच होतें. पण खरें वाक्य भलत्या ठिकाणीं बोललें म्हणजे तें लबाडीच्याच उपयोगीं पडतें. वेतन मागणाऱ्यास सन्मान देऊं करणें ही आपल्या संस्थांतील फार जुनी खोड आहे. उपदेशकांस व शाळामास्तरांस ती स्वानुभवानें ठाऊक आहे, कारण त्यांच्याही कामाची स्तुति पगाराचा प्रश्न निघाला म्हणजेच अधिक होते. त्या बाईस स्तुति नको होती. तिला क्रमाचें कारण पाहिजे होतें. तेव्हांपासून मीं ह्या गोष्टीचा जो विचार केला तो वाचकांपुढें ठेवितों. आपल्या मंडळ्यांतील कितीतरी घरांची चूल दवाखान्याच्या ह्याच नोकऱ्यांवर पेटते, आणि आपणांपैकीं कित्येक अशा कमिट्यांवर बसतातही.

कोणी म्हणतात, कामाकामांची तुलनाच करूं नये. हें ऐकण्यास उदार वाटतें. परंतु ज्या दिवशीं दोन माणसांच्या हातांवर दोन निराळ्या रकमा ठेवल्या जातात त्या दिवशीं तुलना होऊन चुकलेली असते. 'तुलना नको' असें म्हणणारा मनुष्य जुनी तुलना तशीच चालूं देतो, एवढेंच. म्हणून प्रश्न तोलावें कीं न तोलावें हा नसून तागडींत कोणतीं वजनें घालावीं, हा आहे.

माझ्या तागडींत कोणतीं वजनें होतीं हें मीं मागाहून शोधून पाहिलें, आणि जें आढळलें तें लिहितांना लाज वाटते. ज्या कामांत हात कोरडे राहतात तीं वर. ज्यांत ओले होतात तीं त्यांखालीं. ज्यांत मळतात तीं सर्वांत खालीं. हा नियम कोणत्याही आरोग्यशास्त्राच्या पुस्तकांतला नव्हे. तो गांवाच्या वेशीवरून आलेला आहे. घाण काढणाऱ्यासच घाण समजावयाचें, हा तो नियम. ज्याचा जाच माझ्या आजोबांनीं सोसला तोच नियम त्यांच्या नातवानें वळणदार अक्षरांत लिहून काढला. जुन्या काळीं पुष्कळ ठिकाणीं नोकरांच्या पटावर कामाच्या रकान्यांत जातीचेंच नांव लिहीत. आतां तें लिहीत नाहींत. पण रकान्याची जागा पटावर खालींच राहिली आहे.

ह्या नियमाविरुद्ध वैद्यकाच्या इतिहासांतच मोठी साक्ष आहे. ऑस्ट्रियाच्या राजधानींत, व्हिएन्ना येथील मोठ्या सार्वजनिक इस्पितळांत, बाळंतिणींसाठीं दोन विभाग होते. पहिल्या विभागांत वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यांत सुइणी शिकत. मानानें पहिला विभाग अर्थात् वरचा. परंतु १८४६ सालीं पहिल्या विभागांत शंभर बाळंतिणींमागें अकराहून अधिक मरण पावल्या, व दुसऱ्यांत तीनही नाहींत. गरीब बायका पहिल्या विभागांत घालूं नका म्हणून रडत व गुडघे टेकीत. इग्नाझ सेमेलवाइस नांवाच्या हंगेरियन डॉक्टरानें ह्याचें कारण शोधण्यास आरंभ केला. १८४७ सालीं त्याच्या एका डॉक्टर मित्रास शवाची चिरफाड करतांना सुरीची जखम झाली, आणि तो बाळंतिणींच्या तापासारख्याच विकारानें मेला. तेव्हां सेमेलवाइसच्या ध्यानांत आलें कीं विद्यार्थी शवें चिरून तसेच सुतिकागृहांत येतात, आणि त्यांच्या हातांवरूनच मरण येतें. सुइणी शवांस हात लावीत नसत. त्या वर्षाच्या मे महिन्यांत त्यानें सर्वांस क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यांत हात धुण्यास लाविलें. एप्रिलमध्यें शंभरांत अठराहून अधिक बाळंतिणी मेल्या होत्या. जूनमध्यें हा आंकडा दोनांच्या थोडा वर आला. वरिष्ठ डॉक्टरांस हा शोध रुचला नाहीं. सभ्य गृहस्थाचा हात मलिन असूं शकतो, हें मान्य करणें त्यांस जड गेलें. येथें कोणाचे हात मळलेले होते व कोणाचे स्वच्छ, हें वाचकांनीं पाहावें, आणि मग माझी यादी पुन्हां एकदां वाचावी.

दुसरी साक्ष क्रिमियाच्या युद्धांतील. स्कुटारी येथील इंग्रज सैनिकांच्या इस्पितळांत फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाई १८५४ च्या नोव्हेंबरांत गेल्या. त्यांच्या हातांतील दिव्याची कीर्ति सर्वांनीं ऐकली आहे. परंतु त्या आल्यावरही पहिल्या हिंवाळ्यांत मृत्यु कमी झाले नाहींत. १८५५ च्या फेब्रुवारींत मृत्यूचें प्रमाण शंभरांत सुमारें बेचाळिसांवर गेलें. इमारतीखालच्या मोऱ्या तुंबलेल्या होत्या, आणि पाण्यांत व हवेंत त्यांचें विष मिसळत होतें. मार्चमध्यें सरकारनें पाठविलेलें आरोग्य कमिशन आलें. त्यानें मोऱ्या उपसविल्या, घाणीचे ढीग वाहून नेले, भिंतींना चुना दिला. जूनपर्यंत तेंच प्रमाण शंभरांत दोनांच्या आसपास उतरलें. नाइटिंगेलबाईंनीं स्वतः पुढें आंकडे मांडून हेंच सिद्ध केलें, आणि दिव्यापेक्षां मोरीचें महत्त्व जन्मभर सांगितलें; पण लोकांनीं चित्र दिव्याचेंच काढलें. त्या मोऱ्या ज्यांनीं उपसल्या त्यांचीं नांवें मला कोठें वाचावयास मिळालीं नाहींत.

आतां कोणी म्हणेल, काम महत्त्वाचें असेल, परंतु तें कोणासही येतें. त्यांत शिकावयाचें काय आहे? माझीही समजूत तशीच होती. म्हणून मीं एक दिवस त्या बाईबरोबर राहून पाहिलें. झाडू मारणें व फरशी पुसणें म्हणजे काय तें मला कळतें, असें मी समजत होतों. तिनें मला पहिल्याच घटकेस थांबविलें, कारण मीं दाराकडून आरंभ केला होता. वरून खालीं यावयाचें, आंतून बाहेर यावयाचें, आणि स्वच्छ भागाकडून मळक्या भागाकडे जावयाचें. एकदां मळलेलें फडकें दुसऱ्या टेबलास लावावयाचें नाहीं. क्लोरीनचें पाणी रोजचें रोज करावयाचें, कारण शिळें झालें म्हणजे त्याचा जोर जातो. तें ओतून लगेच पुसून काढलें तर केवळ वास राहतो, जंतु मरत नाहींत. तें कांहीं मिनिटें ओलें राहूं द्यावें लागतें. रक्त सांडलें असेल तर त्यावर आधीं टिपून घेणारें कापड, मग जोरदार पाणी, मग दहा मिनिटें धीर. संडास साफ करण्याचें आम्ल आणि हें पाणी एका बादलींत कधीं मिसळावयाचें नाहीं, नाहींतर विषारी वायु सुटून काम करणाराच गुदमरतो. ह्यांतलें कांहींही मला ठाऊक नव्हतें. तिला हें कोणी पुस्तकांतून शिकविलें नाहीं, आणि तिला त्याचें प्रमाणपत्रही नाहीं. ज्या ज्ञानास कागद नाहीं तें ज्ञानच नाहीं, अशी आम्हां शिकलेल्या लोकांची एक अंधश्रद्धा आहे; इतरांच्या अंधश्रद्धांवर आपण निबंध लिहितों, हिच्यावर कोणी लिहीत नाहीं.

परटाचें कामही तसेंच. दवाखान्यांतील कपडा नुसता पांढरा दिसून भागत नाहीं. तो पासष्ट अंश उष्णतेच्या पाण्यांत निदान दहा मिनिटें, किंवा एकाहत्तर अंशांत निदान तीन मिनिटें राहिला पाहिजे, असा ब्रिटनमधील इस्पितळांचा नियम आहे. शस्त्रें व बांधण्याचीं कापडें वाफेच्या पेटींत घालणारा मनुष्य १२१ अंश उष्णता, पंधरा पौंडांचा दाब व निदान पंधरा मिनिटें हा हिशेब सांभाळतो. पण तेवढ्यानेंही होत नाहीं. गांठोडीं फार दाबून भरलीं तर वाफ आंत शिरत नाहीं, आणि कांटा बरोबर जागीं असतांही आंतील कापड तसेंच राहतें. त्या पेटीजवळच्या माणसानें एके दिवशीं कंटाळा केला, तर सर्जनची सारी विद्या रोग्याच्या पोटांत जंतु शिवून ठेवते. वॉर्डबॉय मणका मोडलेल्या रोग्यास उचलतो तेव्हां त्याला ओंडक्यासारखें सबंध एकदम वळवावें लागतें. स्वयंपाक्यास मूत्रपिंडाच्या रोग्याचें मीठ व मधुमेह्याची साखर लक्षांत ठेवावी लागते. पहारेकऱ्याविषयीं मी अधिक लिहीत नाहीं. रात्रीं दोन वाजतां दारूच्या धुंदींत आलेल्या नातेवाइकांची समजूत घालण्याचें काम कमिटीच्या सभासदांनीं एकदां करून पाहावें.

आणि धोका? इस्पितळाचा कचरा निरनिराळ्या रंगांच्या भांड्यांत वेगळा करावा, असा नियम आपल्या देशांत १९९८ पासून आहे, व २०१६ सालीं तो नव्यानें करण्यांत आला. शरीराचे भाग व रक्तानें भरलेली रुई पिंवळ्यांत, नळ्या वगैरे प्लॅस्टिक तांबड्यांत, सुया व पातीं टोंचून बाहेर न येतील अशा पांढऱ्या डब्यांत, कांच निळ्यांत. सुई चुकून पिंवळ्या पिशवींत पडली, तर ती पिशवी उचलणाऱ्याच्या मांडींत शिरते. ती ज्या रोग्याची असेल त्याला जर हेपॅटायटिस बी हा यकृताचा रोग असेल, तर लस न टोंचलेल्या माणसास तो होण्याचा संभव शंभरांत सहापासून तिसापर्यंत असतो, हेपॅटायटिस सीचा सुमारें दोन, आणि एच.आय.व्ही.चा हजारांत सुमारें तीन. सुई परिचारिकेस व डॉक्टरासही टोंचते, हें मी विसरत नाहीं. परंतु त्यांना ती कोणत्या रोग्याची हें ठाऊक असतें, आणि ती त्यांच्या स्वतःच्या हातांत असते. झाडणाऱ्यास टोंचणारी सुई दुसऱ्याच्या हयगयीची असते, आणि ती कोणाची होती हें त्याला कधींच कळत नाहीं. दुसऱ्याच्या चुकीचा दंड आपल्या रक्तानें भरणें हेंही त्याच्या कामाचें एक अंग आहे. तें कोणत्याही यादींत मीं वजनांत धरलेलें पाहिलें नाहीं.

कमिटींतील एका व्यापारी सभासदांनीं ह्यावर एक आक्षेप घेतला, आणि तो पोकळ नव्हे. ते म्हणाले, "गुरुजी, झाडण्याच्या एका जागेस शंभर अर्ज येतात, ड्रायव्हर शोधावा लागतो. बाजारांत जो भाव आहे तो द्यावा." त्यांना माझें उत्तर असें कीं बाजारभावावरून टंचाई कळते, योग्यता कळत नाहीं. मिठावांचून भाजी घशाखालीं उतरत नाहीं, तरी मीठ स्वस्त आहे. तें समुद्रांत पुष्कळ आहे म्हणून. झाडण्याच्या जागेस शंभर अर्ज येतात ते तें काम सोपें आहे म्हणून येत नाहींत. आपल्या तालुक्यांत भूक पुष्कळ आहे म्हणून येतात. त्या शंभर अर्जांकडे बोट दाखवून वेतन कमी ठेवणें म्हणजे दुसऱ्याच्या भुकेवर आपला हिशेब बसविणें होय. मीठ तरी उपाशी राहत नाहीं.

परंतु इतकें म्हटल्यावर मी स्वतःच एका अडचणींत सांपडलों. मीं आवेशानें सिद्ध केलें कीं झाडणारी नसेल तर इस्पितळ चालणार नाहीं. मग ड्रायव्हर नसेल तर चालेल काय? पंपावरचा मनुष्य नसेल तर? कारकुनानें नोंद चुकविली आणि एकाचें रक्त दुसऱ्यास दिलें तर? सांखळीच्या प्रत्येक कडीविषयीं असेंच म्हणतां येतें. जें सर्वांविषयीं खरें आहे त्यावरून कोणाचा नंबर कितवा हें ठरत नाहीं. पुष्कळ दिवस मी येथेंच अडून होतों. मग माझ्या ध्यानांत आलें कीं मी दोन निराळे प्रश्न एकाच दोरींत ओंवीत होतों. अमुक माणसाला निदान किती मिळालें पाहिजे, हा एक प्रश्न. आणि एकास दुसऱ्यापेक्षां किती अधिक मिळावें, हा दुसरा. 'हिच्यावांचून चालत नाहीं' हें पहिल्या प्रश्नाचें उत्तर आहे. ज्या कामावांचून दवाखाना चालत नाहीं तें करणाऱ्याचें घर त्या कामावर चाललें पाहिजे. ह्यांत शिक्षण, बाजार, नंबर कांहींच येत नाहीं. दुसऱ्या प्रश्नांत मात्र शिकण्याचीं वर्षें, जबाबदारी, अंगमेहनत, मनावरील ताण, धोका व घाण हीं सर्व येतात, आणि तेथें कमी-अधिक करणें अन्याय नव्हे. डॉक्टरास पुष्कळ अधिक मिळावें हें मला कबूल आहे. माझी चूक ही होती कीं मीं दुसऱ्या प्रश्नाची यादी करून पहिल्याचा निकाल लावूं पाहत होतों. वरून वांटीत यावें, आणि खालीं पोंचेपर्यंत कांहीं उरलें तर द्यावें.

दुसऱ्या प्रश्नाची मोजणी प्रामाणिकपणें करण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न, माझ्या माहितीप्रमाणें, ब्रिटनच्या सरकारी आरोग्यखात्यांत झाला. त्यामागें स्त्रियांचें भांडण होतें. कार्लाइल येथील इस्पितळांतील परिचारिका, स्वयंपाकघरांतील व सफाईच्या बायका अशा सुमारें दीड हजार जणींनीं १९९७ सालीं दावा मांडला कीं आमच्या कामाची योग्यता त्याच इस्पितळांतील सुतारादि पुरुष कारागिरांच्या कामाएवढी असून आम्हांस वेतन कमी मिळतें. तो आठ वर्षें चालला, आणि २००५ सालीं त्यांना मोठी भरपाई मिळून मिटला. दरम्यान २००४ सालीं सर्व खात्यासाठीं कामें तोलण्याची एक नवी पद्धत सुरू झाली. तींत डॉक्टर, दंतवैद्य व सर्वांत वरचे व्यवस्थापक सोडून प्रत्येक जागा सोळा अंगांनीं मोजतात व गुण देतात: ज्ञान, बोलण्याचालण्याचें कौशल्य, विचारशक्ति, हाताची कुशलता, रोग्याची जबाबदारी, पैशाची जबाबदारी, अंगमेहनत, इत्यादि. एक अंग मला विशेष आवडलें. मनाला पीळ पाडणाऱ्या प्रसंगांचा भार, हें तेथें एक स्वतंत्र अंग आहे. मेलेलें मूल वॉर्डांतून शवागारांत नेणाऱ्या माणसाच्या मनावर काय होतें, हें मोजण्याजोगें आहे असें कोणास तरी वाटलें.

पण गुणांचें कोष्टक मीं बारकाईनें पाहिलें, तेव्हां पुन्हां जुना वास आला. सर्व मिळून गुण एक हजार. त्यांत एकट्या ज्ञानास दोनशें चाळीसपर्यंत. अंगमेहनत, बुद्धीचा ताण, मनाचा भार आणि कामाच्या जागेची घाण व धोका, ह्या चार अंगांस प्रत्येकीं पंचवीस, म्हणजे एकंदर शंभर. जो सर्वांत स्वच्छ जागीं बसतो त्याला घाणीबद्दल तीन गुण, व जो सर्वांत वाईट जागीं राबतो त्याला पंचवीस, फरक बाविसांचा. ज्ञानाच्या शिडीवर मात्र तिसऱ्या पायरीवरून चवथीवर गेलें कीं साठांचे अठ्ठ्याऐशीं होतात, फरक अठ्ठाविसांचा. म्हणजे सबंध जन्म नरकांत उभें राहण्याचें मोल ज्ञानाच्या एका पायरीएवढेंही नाहीं. कोष्टक करणारे लोक कोण होते हें मी सांगूं शकत नाहीं. परंतु ते बहुधा शिडी चढलेले असावेत. तरीही मी त्या पद्धतीस माझ्या दहा मिनिटांच्या यादीपेक्षां पुष्कळ चांगली म्हणतों. तिचीं वजनें छापलेलीं आहेत. मजसारख्या परक्या माणसास तीं वाचून भांडतां येतें. माझ्या यादीचीं वजनें मलाच ठाऊक नव्हतीं.

आपल्या देशांतील कायद्याविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. समान कामास स्त्रीपुरुषांस समान वेतन, हें तत्त्व आपल्या राज्यघटनेच्या एकोणचाळिसाव्या कलमांत आहे, आणि त्याकरितां १९७६ सालीं कायदाही झाला. २०१६ सालीं सुप्रीम कोर्टानें पंजाबांतील हंगामी सरकारी नोकरांच्या खटल्यांत सांगितलें कीं कायम नोकराचेंच काम करणाऱ्या हंगामी माणसासही तें तत्त्व लागूं आहे. परंतु एकच काम करणाऱ्या दोघांस समान वेतन, ही एक गोष्ट. आणि निरनिराळीं पण सारख्या योग्यतेचीं कामें करणाऱ्यांस समान वेतन, ही दुसरी व फार अवघड गोष्ट. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या १९५१ सालच्या करारांत ही दुसरी गोष्ट आहे, व आपल्या सरकारनें १९५८ सालीं त्यास मान्यता दिली. आया व वॉर्डबॉय ह्यांच्या वेतनांत आमच्या यादींत जो फरक होता तो ह्या करारापुढें टिकणारा नव्हता. आया वॉर्डबॉयच्या खालीं कां, ह्याचें कारण मला शोधूनही सांपडलें नाहीं. ती बाई आहे, एवढेंच सांपडलें.

ज्ञानास अधिक मोल द्यावें हें म्हणणारांस मी आणखी एक विचारतों: शिडी कोणी लपविली आहे? जामखेड येथें १९७० सालीं डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्या दांपत्यानें काम सुरू केलें, तें पुष्कळ वाचकांस ऐकून माहीत असेल. त्यांनीं गांवोगांवच्या ज्या बायका आरोग्याच्या कामासाठीं तयार केल्या त्यांत कित्येकींस अक्षरओळख नव्हती, आणि कित्येकी पूर्वी अस्पृश्य मानलेल्या जातींतील होत्या. त्या बाळंतपणें करूं लागल्या, मुलांचीं वजनें घेऊं लागल्या, क्षय व महारोग आरंभींच ओळखूं लागल्या. ह्या कामाबद्दल उभयतांस १९७९ सालीं मॅगसेसे पारितोषिक मिळालें. ज्या दवाखान्यांत एखादी बाई वीस वर्षें शस्त्रक्रियेची खोली धुते आणि त्या वीस वर्षांत तिला वाफेची पेटी लावण्याससुद्धां कोणी शिकवीत नाहीं, तेथें 'तिला ज्ञान नाहीं म्हणून वेतन कमी' असें म्हणण्याचा अधिकार कमिटीस उरतो काय?

मीं पहिली यादी परत घेतली. कमिटीच्या तीन बैठका झाल्या. पहिल्या बैठकींत एवढें ठरलें कीं सर्वांचें निदान वेतन आधीं वर आणावें, आणि मग उरेल त्यांतून चढउतार करावे. हें मान्य झालें, पण एका मतानें. दुसऱ्या बैठकींत कारकून स्वतः उभा राहिला. तो म्हणाला, "माझ्या बापानें बैल विकून मला बी. ए. केलें. तें सर्व मातींत घालतां काय?" त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. त्याची वाढ कमी झाली, आणि अजून तो मला पूर्वीसारखा नमस्कार करीत नाहीं. मलाही त्याच्या बाबतींत आपण पुरतें बरोबर केलें असें वाटत नाहीं. आया व वॉर्डबॉय एका पातळीवर आले. शस्त्रक्रियेची खोली धुणारी बाई त्यांच्या शेजारीं आली. ड्रायव्हरच्या बरोबर तिला बसविण्यास मात्र कमिटी तयार झाली नाहीं, आणि कां नाहीं ह्याचें कारण कोणी सांगितलें नाहीं. लस टोंचण्याचा प्रश्न निघाला तेव्हां असें आढळलें कीं परिचारिकांच्या नोंदी आहेत, झाडणारांच्या नाहींत. त्या आठवड्यांत सर्वांस पहिली सुई टोंचली.

तिसऱ्या बैठकीच्या शेवटीं मीं नवी यादी वाचून दाखविली. मागच्या बांकावर ती बाई बसली होती. तिला मुद्दाम बोलाविलें होतें. तिनें सर्व ऐकून घेतलें आणि विचारलें, "आन् रातपाळीची चौघं कुटं हायेत?" मीं कागद पुन्हां पाहिला. रात्रीं वॉर्ड झाडणारीं तीं चार माणसें दवाखान्याचीं नोकर नाहींत. गेल्या तीन वर्षांपासून तें काम कंत्राटानें दिलें आहे. त्यांचीं नांवें कंत्राटदाराच्या वहींत आहेत. ती वही कमिटीपुढें ठेवावी असें मीं पत्र लिहिलें आहे. अद्याप ती आलेली नाहीं.